चार दारांचा फ्लॅट

"ताई, भिंतीला ओल धरलीय. बिल्डर म्हणतो, खिडक्या उघड्या ठेवत जा," असा एका मराठी जोडप्याचा फोन आला. पूर्व लंडन, रस्त्याच्या कोपऱ्यावरचा जुना पब, आता त्याचे फ्लॅट झालेले. जुन्या इमारतींची दुरुस्ती हेच माझं काम, त्यामुळे बेल दाबायच्या आधी बराच वेळ मी फुटपाथवरच उभी होते.

इमारत १८९० च्या दशकातली. तेव्हा लंडनच्या पबांवर पाण्यासारखा पैसा ओतला जात होता, १८९९ च्या सुमारास ती तेजी कोसळली. तळमजल्याला रस्त्याकडून चार दारं. कष्टकऱ्यांचा पब्लिक बार, जरा बऱ्या कपड्यांतल्यांचा सलून बार, ज्यांना कुणाच्या नजरेस पडायचं नसे त्यांचा प्रायव्हेट बार, आणि भांड्यात भरून बिअर घरी नेणाऱ्यांसाठी एक चिंचोळी खोली. आत लाकूड-काचेची पार्टिशनं, दारू देणारा काउंटर मात्र सगळ्यांना मिळून एकच. पार्टिशनं कधीच गेली, दारं राहिली. खिडक्यांच्या खालच्या अर्ध्या भागातली नक्षीची धुरकट काचही राहिली. पिणारे बाहेरून दिसू नयेत म्हणून बसवलेल्या त्या काचेमागे आज यांची बेडरूम आहे. फ्लॅट पाडताना ती ज्याने वाचवली त्याला माझे पूर्ण मार्क.

आत सांगलीहून आलेल्या आजी होत्या. "दारूच्या गुत्त्यात घर घेतलं की वास येणारच गं," त्यांचं निदान तयार होतं.

वास दारूचा नव्हता, कुजक्या लाकडाचा होता. खिडकीखालची एक फळी उचलली, तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर लावला, तो मुठीपर्यंत आत गेला. नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला.

बाहेरून खिडकीखाली गर्द हिरव्या, चकचकीत टाइल्स आहेत. दारू सांडो, चिखल उडो, फडकं मारलं की स्वच्छ, म्हणून पबवाल्यांच्या लाडक्या. पण त्यांच्या सांध्यांतून एकदा पाणी आत शिरलं की त्याला त्याच बाजूने वाळता येत नाही. पूर्वी ती भरीव विटांची भिंत आतल्या बाजूने वाळत असे. फ्लॅट करताना तिथे फोमची शीट आणि वर जिप्सम बोर्ड ठोकलं. त्यावर कडी म्हणजे तळघराला हवा देणाऱ्या लोखंडी जाळ्या सिमेंटने लिंपल्या आणि फुटपाथवरची, पिंपं उतरवायची झडपही बंद केली. पाणी आत येतंय, जायला वाट नाही. खिडक्या उघडून काय होणार होतं, कपाळ!

"मग उद्याच बोर्ड काढतो. घर माझं आहे ना?"

"थांबा. इमारत लिस्टेड आहे, म्हणजे संरक्षित वारसा इमारतींच्या सरकारी यादीत आहे." तिचं रूप बदलेल असं काहीही, अगदी आतलं काम असलं तरी, परवानगीशिवाय केलं तर १९९० च्या कायद्याप्रमाणे तो गुन्हा ठरतो. कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या पालिकेत, अशा इमारती बघणाऱ्या कॉन्झर्वेशन ऑफिसरशी आधी बोलायचं ठरलं. जाळ्या मोकळ्या करायच्या, टाइल्सचे सांधे भरायचे, तुळईची कुजकी टोकं कापून नवं लाकूड जोडायचं, फोम काढून आतून चुन्याचा गिलावा.

निघताना त्याने विचारलं, "ते चौथं दार तरी विटांनी बंद करता येईल का? चपलांचं कपाट करायचंय."

कपाट करा म्हटलं, दाराला हात लावायचा नाही. आणि मागे चार बोटं जागा सोडा, हवा खेळू दे.