रक्ताचा रिपोर्ट वाचताना: ठळक आकड्यांच्या पलीकडे

घरातले, ओळखीतले रिपोर्ट माझ्याकडे येतात ते बहुतेक एकाच प्रश्नासकट: "हे ठळक छापलंय, काही गडबड आहे का?" पुष्कळदा नसते. लॅबची नॉर्मल मर्यादा साधारणपणे निरोगी लोकांपैकी मधल्या 95 टक्क्यांवरून ठरते. वीस तपासण्या केल्या तर धडधाकट माणसाचाही एखादा आकडा बाहेर पडायचाच. म्हणून मी आधी मागचा रिपोर्ट शेजारी ठेवते. पुरुषाचं हिमोग्लोबिन 15.5 वरून 13.2 वर आलं, तर काहीही ठळक छापलं जात नाही, पण मला ती घसरण जास्त खटकते. पन्नाशीनंतर अशी घसरण पोटातल्या छुप्या रक्तस्रावाने होऊ शकते, तेव्हा ती डॉक्टरांना दाखवायलाच हवी.

हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोक परस्पर लोहाच्या गोळ्या सुरू करतात. त्याआधी सीबीसीतल्या, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीतल्या, आणखी दोन ओळी वाचाव्यात: एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, आणि आरबीसी, म्हणजे त्यांची संख्या. एमसीव्ही 80 च्या खाली असेल तर मी त्याला आरबीसीच्या आकड्याने भागते. हिमोग्लोबिन 9.4, एमसीव्ही 70, आरबीसी 4.3 असेल तर उत्तर 16 च्या आसपास येतं. 13 च्या वर म्हणजे लोहाच्या कमतरतेकडे कल. पण हिमोग्लोबिन 11.2, एमसीव्ही 64 आणि आरबीसी 5.6 असेल, तर उत्तर 11.4. पेशी बारीक, पण संख्येने भरपूर. इथे थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाच्या सौम्य रूपाची, शंका घ्यायची. हा फक्त इशारा आहे, निदान नव्हे. खात्रीसाठी फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी तपासणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) लागतं. एचपीएलसीत हिमोग्लोबिन ए2 साधारण 3.5 टक्क्यांच्या वर असेल तर मायनर असण्याची शक्यता बळावते. लोह फार कमी असताना मात्र ए2 खाली दिसू शकतं, म्हणून काही वेळा लोह भरून काढून तपासणी पुन्हा करावी लागते.

हे मी इतकं लावून धरते, कारण नवरा-बायको दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याचं गंभीर रूप, असण्याची शक्यता 25 टक्के असते. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत मायनरचं प्रमाण जास्त आहे, पण इतर कुणालाही थॅलेसेमिया मायनर असू शकतो. लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच हे कळलेलं बरं.

फेरिटिन वाचताना ताप, सर्दी, सांध्यांची सूज विचारात घ्या. शरीरात दाह असला की ते वाढतं, आणि लोहाचा साठा रिकामा असूनही आकडा नॉर्मल दिसतो. आजारातून उठल्यावर थोडं थांबून तपासलेलं चांगलं. लोहाची कमतरता असेल तर एचबीए1सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, तोसुद्धा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतं. 5.9 पाहून मधुमेहाची धास्ती घेण्याआधी उपाशीपोटीची साखरही बघावी.

पावसाळ्यात डेंग्यूच्या भीतीने प्लेटलेट्सचा आकडा पाहून घरोघरी धावपळ उडते. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, असतं. काही जणांच्या प्लेटलेट्स त्यात गुठळ्या करतात आणि यंत्र त्या कमी मोजतं. ताप नाही, अंगावर डाग नाहीत आणि आकडा 60,000, असं असेल तर लॅबला स्लाइडखाली बघायला सांगा. गुठळ्या दिसल्या तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा रक्त घेऊन मोजतात, आणि त्यातल्या द्रवाने रक्त पातळ झाल्याची भरपाई म्हणून आकड्याला 1.1 ने गुणतात. ताप असताना मात्र कमी आलेला आकडा खराच धरून डॉक्टरांना गाठा.

पोटॅशियम अचानक जास्त आलं तर शेऱ्यात "हिमोलाइज्ड" लिहिलंय का पाहा. रक्त घेताना पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं. तरी मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर त्याच दिवशी नमुना पुन्हा द्यावा.

केस-नखांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी थायरॉइडच्या तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवावं, नाहीतर टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, खोटं कमी येऊ शकतं.

परदेशातल्या मुलांकडून रिपोर्ट येतो तेव्हा एकक आधी बघा. तिथलं हिमोग्लोबिन 112 म्हणजे आपलं 11.2. साखर 6.1 असेल तर 18 ने गुणा, 110 येईल.