श्रीखंडाच्या डब्यातला पेशंट

मे महिन्यातली दुपार. मुलुंडच्या आमच्या दवाखान्यात अशा वेळी आले तर गोचिडांनी भरलेले कुत्रे, नाहीतर उलट्या करणारी मांजरं. त्या दिवशी एक आजी आणि त्यांचा बाराएक वर्षांचा नातू श्रीखंडाचा डबा घेऊन आले. झाकणाला सुईने भोकं पाडलेली.

"जन्मभर केरसुणीने पाली हाकलल्या बाई, आणि आता पालीला रिक्षात घालून डॉक्टरकडे आणलंय," आजी बाकावर टेकता टेकता म्हणाल्या.

आत लेपर्ड गेको होता. अजून पुरता न वाढलेला, पिवळ्या अंगावर काळे ठिपके. नातवाला 'पाल' हा शब्द मंजूर नव्हता. तसा हा पालीच्याच गोतातला. पण याला पापण्या असतात, आणि भिंतीवर चढायला लागते ती बोटांची चिकट गादी नसते. शेपूट छान जाड होती. चरबी तिथेच साठते, म्हणजे खाणंपिणं ठीक. मग पायांकडे बघितलं आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. (इलाज नाही, आपला वाक्प्रचारच तसा आहे.)

बोटाबोटाला जुन्या कातीची कडी बसली होती. गेको कात टाकतो ती तोंडाने ओढून, आणि खाऊनही टाकतो. हवा कोरडी असली की ती बोटांवर, पापण्यांच्या कडेला चिकटून राहते आणि सुकत सुकत आवळत जाते. बोटाला रबरबँड घट्ट गुंडाळून ठेवावं तसं. उजव्या मागच्या पायाचं एक बोट टोकाशी काळं पडलेलं होतं. शेजारच्या बोटावर ताजी जखम.

"चिमट्याने ओढलीस?"

"बाबांनी."

बोलणार होते चार शब्द. पण नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही घाईघाईत एकाची कात अशीच कोरडी ओढली होती. गप्प बसले.

ट्रेमध्ये नॅपकिन अंथरून पोटाला लागेल इतकंच कोमट पाणी घातलं, तीसएक अंशाचं. वर झाकण. वीस मिनिटं काही करायचं नाही. आजींना राहवेना. "मुंबईत दमटपणा कमी आहे का हो? आमच्याकडे मिठाला पाणी सुटतं."

प्रश्न बिनतोड होता. उत्तर नातवाच्या खोलीत निघालं. एप्रिलपासून एसी रात्रंदिवस चालू, काचेची पेटी बरोब्बर त्याच्या झोताखाली, आणि गारठू नये म्हणून वर उष्णतेचा दिवा. खाडीकाठच्या शहरात पोराने एक वाळवंट तयार केलं होतं. त्यातही गंमत अशी, की अफगाणिस्तान-पाकिस्तानातल्या खऱ्या रखरखाटातसुद्धा हा प्राणी दिवसा दगडाखालच्या ओलसर बिळात असतो.

मग ओला इअरबड. बोटाच्या मुळापासून टोकाकडे हलके गोल फिरवत न्यायचा, सुटली तर सुटली, नाहीतर पुन्हा पाणी. चार पाय, वीस बोटं. पोरगा मोबाइलचा टॉर्च धरून श्वास रोखून उभा. डोळ्यात सलाईनचे थेंब टाकले, तेव्हा कोपऱ्यातून भाताच्या सालपटाएवढा पापुद्रा आला. पाऊण तास गेला. कडी निघाली, काळं बोट काळंच राहिलं.

"हे गळून पडेल," मी सांगितलं.

"पण शेपूट तुटली तर परत येते ना?"

"शेपूट येते. बोट येत नाही."

तो काही बोलला नाही. त्याने टॉर्च बंद केला.

जखमेचं मलम दिलं आणि उपाय सांगितला: पेटी एसीच्या झोतातून हलव, अंग घासायला खडबडीत दगड ठेव, आणि याच डब्याला बाजूने भोक पाडून आत ओला टिश्यूपेपर भर, तो रोज बदल. कात टाकायची वेळ आली, अंग पांढुरकं दिसू लागलं, की तो आपणच आत जाऊन बसेल.

आजींनी डबा हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"अर्ध्या किलोचा चालेल का? हा एक किलोचा आहे, पापडाला लागतो."