'मस्ट नॉट हॅव ईटन' आणि दोन बिस्किटं

मी फोनवर दुभाष्याचं काम करते. एका टोकाला इंग्रजी बोलणारे डॉक्टर-नर्स, दुसऱ्या टोकाला मराठी पेशंट आणि मधे हेडफोन लावून मी. लोकांना वाटतं अवघड म्हणजे रोगांची नावं असणार. छे, ती ग्लॉसरीत असतात, पाठ होतात. घाम फोडतात ते कॅन, कुड, मे, माइट, शुड, मस्ट. शाळेत एकेकाला एकेक अर्थ चिकटवून दिलेला असतो, आणि इकडे नर्स म्हणते 'यू माइट वाँट टु सिट डाउन', म्हणजे बसा आता गुपचूप. त्याचं 'तुम्हाला बसावंसं वाटू शकेल' केलं की पेशंट म्हणणार, नाही हो, मी उभाच बरा. 'यू शुड बी फाइन' मधल्या शुडचा कर्तव्याशी काही संबंध नाही, बरं वाटेल बहुतेक, एवढंच. 'डोन्ट हॅव टु' म्हणजे गरज नाही आणि 'मस्टन्ट' म्हणजे बिलकुल करायचं नाही, पण घाईत दोन्हीला तोंडातून 'नको'च निघतं. शूज काढायला नको, हात हलवायला नको. सांगा बरं कुठलं सक्तीचं ते.

आणि कॅन-कान्ट! अमेरिकन माणूस कान्टचा शेवटचा ट गिळतो, फोनवर तर तो नसतोच. त्यामुळे मी ट ऐकायच्या भानगडीतच पडत नाही, स्वर ऐकते. 'यू क्न ईट' असं पुसट गेलं तर परवानगी, 'यू कॅन ईट' मधला कॅन ठासून आला तर बहुतेक नकार, शंका आली तर विचारायचं. हे मला कुठल्याही ट्रेनिंगमधे कुणी सांगितलं नाही, माझं मी शोधलंय, म्हणून जरा मिरवते.

तर एवढं सगळं येणारी मी त्या दिवशी साध्या मस्टवर आपटले. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

एक आजी, छोटं ऑपरेशन, पण भूल पूर्ण. सकाळी नऊची वेळ, त्याआधी नर्सची चेकलिस्ट. नाव, जन्मतारीख, अ‍ॅलर्जी, दातांची कवळी, सगळं भराभर चाललेलं. रात्री झोप लागली का विचारलं, आजी म्हणाल्या लवकरच आडवी झाले. मग नर्स त्याच सुरात म्हणाली, 'ओके, सो यू मस्ट नॉट हॅव ईटन एनिथिंग सिन्स मिडनाइट.' आणि मी क्षणभरही न थांबता सांगितलं, 'बरं, म्हणजे मध्यरात्रीपासून तुम्ही काही खाल्लं नसणार.' आजी म्हणाल्या, 'हं.' मी म्हटलं 'येस'. पुढचा प्रश्न.

माझ्या डोक्यात नियम पक्का होता, मस्ट हॅवपुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं की अंदाज. मस्टला स्वतःचा भूतकाळ नाही, मागच्या काळातली सक्ती सांगायची तर हॅड टु. खरं तर जुन्या इंग्रजीत मस्ट हेच एका क्रियापदाचं भूतकाळी रूप होतं, तेच पुढे वर्तमानात येऊन बसलं. हे सगळं मला माहीत, आणि नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत 'कँडिडेट्स मस्ट हॅव कम्प्लीटेड' वाचलेलं, तिथे कोण अंदाज करतं? ती अटच असते. तेच रूप, तोच मस्ट, म्हणजे नर्सचं वाक्यही 'मध्यरात्रीपासून काही खाल्लेलं चालणार नाही' अशी अट असू शकत होतं. पण ते त्या सेकंदाला आठवलं नाही.

अर्ध्या तासाने भूलतज्ज्ञांचा कॉल, योगायोगाने मलाच लागला. त्यांनी सरळ विचारलं, शेवटचं कधी खाल्लं किंवा प्यायलं? कॅन नाही, मस्ट नाही, काही नाही. (असं विचारणारी माणसं मला फार आवडतात.) आजी म्हणाल्या, सहा वाजता, गोळी रिकाम्या पोटी नको म्हणून दोन बिस्किटं दुधात बुडवून. झालं. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण दूध आणि हलकं खाणं याला किमान 6 तास लागतात, नाहीतर भुलेत पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जायची भीती. ऑपरेशन पुढे ढकललं.

मग नर्स परत लाइनवर, वैतागलेली, मी विचारलं होतं ना म्हणून. आणि आजी शांतपणे म्हणाल्या, 'अहो, तुम्हीच म्हणालात, खाल्लं नसणार. म्हटलं कशाला तुम्हाला खोटं पाडायचं.'

आम्ही पेशंटचं बोलणं 'मी' म्हणूनच बोलतो, त्यामुळे ते मला माझ्या तोंडाने इंग्रजीत सांगायचं होतं. मी सांगितलं, 'यू सेड आय मस्ट नॉट हॅव ईटन.' नर्स लगेच म्हणाली, 'एक्झॅक्टली, आय डिड!' तिला ऐकू गेलं की पेशंट चूक कबूल करतेय. म्हणजे दुसऱ्यांदाही मीच.

तेव्हा थांबवलं. दुभाषी बोलतेय, सकाळी मी या वाक्याचा एकच अर्थ सांगितला, पेशंटला पथ्याची अट म्हणून ते कळलेलंच नाही. लाइनवर शांतता, मग 'ओके, थँक यू इंटरप्रीटर'. आजींनाही तेच मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, जाऊ दे ग.

सकाळीच का नाही थांबवलं? आमच्याकडे महिन्याला कॉल तपासतात, त्यात मधे थांबवून विचारणं कागदोपत्री चांगलं असतं आणि मार्कांत मात्र 'फ्लो तुटला' असं येतं. ज्यांनी ते फॉर्म बनवले त्यांनी एक तासभर तरी हेडफोन लावून बसावं. पण हे कारण अर्धंच आहे. मला शंका आलीच नव्हती, मग थांबवणार कशी.

आणि नर्सला नक्की काय म्हणायचं होतं हे मला अजून कळलेलं नाही. लवकर झोपले ऐकून तिनेही आधी अंदाजच केला असेल, आणि बिस्किटं निघाल्यावर ती अट झाली असेल. रेकॉर्डिंग आम्हाला ऐकायला मिळत नाही.

त्या रात्री त्या वाक्याचं मराठी करत बसले होते. 'तुम्ही काही खाल्लेलं नसलं पाहिजे.' यात अंदाज पण आहे आणि अट पण, इंग्रजीसारखीच दोन्ही बाजूंनी उघडी. हे म्हणता आलं असतं. पण त्यालाही आजी 'हं'च म्हणाल्या असत्या.