५६ एपीओला मोबाइल पाठवायचा होता, तीन चकरा झाल्या

पहिल्यांदा हे सांगतो, मोबाइल पोस्टाने पाठवणार असाल तर बॉक्स घरून चिकटवून नेऊ नका. मी अख्खा ब्राऊन टेप गुंडाळून नेलेला आणि काउंटरवर सगळ्यांच्या देखत गाडीच्या चावीने फाडत बसलो, मागे पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांची लाइन.

भाचा मिल्ट्रीत आहे. सुट्टी संपवून गेला आणि मोबाइल आमच्याकडेच चार्जिंगला राहिला, बेळगाव स्टेशनवर गाडीत बसल्यावर त्याला आठवलं. पत्ता ५६ एपीओ, म्हणजे सैन्याच्या पोस्टाचा. कुरिअरवाला तो पत्ता बघूनच हात जोडतो, तिथं पोस्टच जातं, त्यामुळे दुसरा इलाजच नव्हता.

पोस्ट कुठलं ते सांगत नाही, निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठलंही धरा. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "ब्याटरी ऐतेनरी?" म्हणजे बॅटरी आहे का. मी ऐटीत हो म्हटलं. "आगूदिल्ल री," होणार नाही. झालं, विषय संपला. का नाही, कुठला नियम, काही नाही. मी मराठीत, त्या कन्नडमध्ये, मधे थोडं हिंदी, शेवटी "साहेब रजेवर आहेत, नाळे बर्री," म्हणजे उद्या या. अर्धा दिवस कामाचा बुडवून आलेल्या माणसाला नाळे बर्री म्हणणं फार सोपं असतं बघा.

घरी येऊन डोकं लढवलं. कुणीतरी सांगितलं बॅटरीचा स्टिकर लावा, लाल पट्ट्यांची बॉर्डर असलेला, मग कोण अडवत नाही. झेरॉक्सवाल्या पोराने नेटवरनं काढून कलर प्रिंट दिली, मी तो छान चिकटवून दुसऱ्या दिवशी हजर. बाईंनी स्टिकर बघितला आणि बॉक्सला हातच लावला नाही! साहेब आतमध्ये मीटिंगला. एक तास बाकड्यावर बसलो, पंखा माझ्या डोक्यावरचा सोडून सगळे चालू. मग मी आवाज चढवला, त्याचा उपयोग शून्य, उलट लाइनीतल्या एका काकांनी मलाच गप्प बसवलं.

तिसऱ्या दिवशी साहेब भेटले. त्यांनी स्टिकरवर बोट ठेवलं, "हा नंबर ३४८० आहे, सुट्या बॅटरीचा." मोबाइलमध्ये बसवलेल्या लिथियम आयन बॅटरीचा नंबर ३४८१. एका आकड्याने मी बॉक्सवर स्वतःच लिहून दिलं होतं की आत सुट्या बॅटऱ्या आहेत, आणि प्रवासी विमानातून असा सुटा माल १ एप्रिल २०१६ पासून बंदच आहे. मग साहेबांनी बॉक्स हलवून बघितला. आत खडखडलं. आता खरं सांगतो, भाच्यासाठी करदंट, म्हणजे आमच्याकडची सुक्या मेव्याची मिठाईही आत होती, आणि मोबाइल आणि करदंटाच्या मधे मी पॉवर बँकपण सारली होती आणि विचारल्यावर नुसता मोबाइल म्हणालो होतो. म्हणजे तीन दिवस मी ज्यांच्यावर चिडत होतो त्या बाई अर्ध्या बरोबरच होत्या.

पॉवर बँकला नियमात सुटी बॅटरीच धरतात. मी वाद घातला की २०,००० एमएएचची आहे, ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागलं तर ७४ वॉट-अवर येतात, १०० च्या आतच की. साहेब म्हणाले, १०० ची मर्यादा वस्तूत बसवलेल्या बॅटरीची, विमानाच्या टपालात सुटी बॅटरी कितीही लहान असली तरी चालत नाही. बसवलेल्या असतील तर एका पार्सलात जास्तीत जास्त दोन बॅटऱ्या. मी म्हटलं मग माणसं विमानात पॉवर बँक घेऊन बसतात ते? तर ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, धूर निघाला तर कुणाला तरी दिसतो. खाली मालाच्या खणात एखादी दबून किंवा शॉर्ट होऊन पेटली की तिच्याच उष्णतेने शेजारची पेटते, आणि तिथं बघायला कोण नाही. हे पहिल्याच दिवशी कुणी दोन मिनिटं सांगितलं असतं तर!

पॉवर बँक काढली, स्टिकर खरवडला, आत काय आहे ते कागदावर लिहून सही केली आणि पाच मिनिटांत स्पीड पोस्टची पावती हातात. करदंटाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

हां, मोबाइल पूर्ण बंद करा, नुसती स्क्रीन बंद नाही. जुना बटणाचा असेल तर अलार्मपण काढा, काही मॉडेल अलार्मला आपोआप चालू होतात. चार्ज मी तीसेक टक्के ठेवला. बॉक्स कडक घ्या, आत काही हलता कामा नये. आयएमईआय नंबर, म्हणजे मोबाइलचा स्वतःचा ओळख नंबर, लिहून ठेवा, पत्त्याची एक चिठ्ठी आतही टाका. आणि बॅटरी फुगलेली असेल तर पाठवूच नका. निघणारी असेल तर टेबलावर ठेवून भोवऱ्यासारखी फिरवून बघा, गरगर फिरली तर पोट आलंय समजा.

अकराव्या दिवशी भाच्याचा फोन. मिळाला म्हणाला, करदंट रूमवर पहिल्याच रात्री संपलं म्हणाला, आणि मग, "मामा, पॉवर बँक कुठाय?" ती इथंच आहे, करंट गेला की मीच वापरतोय.