चंद्राच्या पत्त्यातली वेस

टॅरोच्या, म्हणजे प्रश्न विचारून चित्रांवरून कौल घ्यायच्या, 78 पत्त्यांतून 18 क्रमांकाचा चंद्र निघाला, की आपल्याकडची माणसं खूश होतात. त्यात त्यांचं चुकत नाही. चंद्र म्हणजे चांदोमामा, चंद्र म्हणजे कोजागरीचं दूध. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा भरते तीही पुनवेला. हा पत्ता मात्र संभ्रमाचा, भीतीचा, अर्धवट उजेडाचा मानतात. म्हणून पुस्तिकेतला अर्थ उघडण्याआधी खालचं नाव अंगठ्याने झाकावं आणि चित्रात काय आहे तेवढंच मोठ्याने म्हणावं. ‘भीती’ चित्रात नसते. कुत्रा असतो, पाणी असतं.

आज सर्रास मिळतो तो रायडर-वेट संच 1909 साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. चंद्राचा पत्ता खालून वर वाचावा, कारण त्यातली वाट खालून निघते. तळाशी तळं आहे. तळ्यातून एक प्राणी अर्धा बाहेर आलाय. छोट्या आकाराच्या स्वस्त संचात तो हमखास विंचू वाटतो, आणि मग ‘घात होणार, दंश होणार’ असलं भलतंच वाचन सुरू होतं. तो विंचू नव्हे. आपल्या बांधावरचा गोल खेकडाही नव्हे. शेवंडीसारखा लांबट, गोड्या पाण्यातला त्याचा भाऊबंद. युरोपातल्या जुन्या चित्रांत कर्क राशी पुष्कळदा अशीच लांबट काढलेली दिसते. पंचांग पाहणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही: कर्केचा स्वामी चंद्र.

वाटेच्या दोन बाजूंना दोन जनावरं वर तोंड करून उभी आहेत. घाईत बघणारा ‘दोन कुत्री’ म्हणून मोकळा होतो. अथणी-चिकोडीकडच्या मेंढक्याला पत्ता दाखवा, तो असं म्हणणार नाही. एक कुत्रा आहे, दुसरा लांडगा, कन्नडमध्ये तोळ. एक दावणीचा, एक रानातला, आणि चांदण्यात दोघांचा आवाज सारखाच. पत्त्यातला घोळ नेमका हा आहे: राखण करणारा कोण आणि कळपावर येणारा कोण, हे ऐकून ठरत नाही.

त्यांच्या मागे दोन बुरूज. बेळगावकराला समोरचं पाणी आणि मागचे बुरूज बघून किल्ला तलाव आठवेल. आठवू दे. पण या बुरुजांना भिंत नाही. मधून वाट जाते ती थेट डोंगरापर्यंत. बुरूज म्हटलं की कैद, असं वाचू नये. ही वेस आहे. वेशीच्या आत ओळखीचं, बाहेर परमुलूख. सीमेवरच्या गावात पाटीवरची भाषा बदलली तरी वाट तीच असते, हे इथल्या माणसाला वेगळं शिकवायला नको. असेच दोन बुरूज 13 क्रमांकाच्या मृत्यूच्या पत्त्यातही दूर क्षितिजावर आहेत, मध्ये सूर्य घेऊन. दोन्ही पत्ते शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

आता वर, चंद्राकडे. इथे आपला माणूस हमखास घसरतो. चंद्राचे मुख्य किरण 16. लगेच सोळा कला आठवतात. खाली पडणारे थेंब मोजा: 15. पक्षाच्या तिथी! इतकं चपखल जुळतं की पुढचा अर्धा तास त्यातच जातो. पण हे थेंब हिब्रू लिपीतल्या ‘योद’ अक्षराच्या आकाराचे आहेत. वेट गोल्डन डॉन या गूढपंथाच्या परंपरेतले, आणि त्या परंपरेत या पत्त्याला मीन राशी दिलेली. तिथींशी त्याचं नातं लावायला आपण मोकळे आहोत. फक्त ‘चित्रात ते आहेच’ असं समोरच्याला सांगू नये. आकडे जुळतात म्हणून गोष्ट खरी वाटणं हे तर खास याच पत्त्याचं लक्षण!

क्रमही बघावा. 16ला मनोरा कोसळतो, 17ला तारा, 18ला चंद्र, 19ला सूर्य. म्हणजे रात्र सरत आलीय, पण उजाडलेलं नाही.

प्रश्न समजा ‘पुण्याची नोकरी घेऊ का’ असा असेल. चंद्र आला म्हणून ‘नको’ म्हणणं हा आळस झाला. वाट तर आहे, डोंगरापर्यंत आहे. विचारायचं ते असं: पगार तोंडी ठरलाय की लेखी? राहायची सोय कोणाच्या शब्दावर आहे? यातला कुत्रा कोण, लांडगा कोण?

पत्ता उलटा, म्हणजे चित्राचं डोकं खाली, आला तर काही जण संभ्रम ओसरतोय असं वाचतात. पण मुळात उलटा यायला पत्ते पिसताना अर्धी गड्डी फिरवून घ्यावी लागते. बरेच जण ते विसरतात आणि वर्षभर एकही पत्ता उलटा येत नाही म्हणून समाधानात असतात. आणि एक: चंद्र आवडला नाही म्हणून दुसरा, तिसरा पत्ता काढत बसू नये. फारच अडलं तर एक, तोही त्याच्या शेजारी ठेवून. चंद्र झाकून नव्हे.