युद्ध-गालिचा अपडेट: पहिलं हेलिकॉप्टर पूर्ण, आता रणगाड्याची ओळ

मंडळी, हेलिकॉप्टर एकदाचं विणून झालं. शेपटीवरचा छोटा पंखासुद्धा ओळखू येतोय, त्यामुळे जाम खूश आहे. गालिचा साधारण निम्म्यावर आलाय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि त्यानंतर पश्चिम अफगाणिस्तानातल्या बलुच आणि आसपासच्या विणकर बायकांच्या गालिच्यांत, तसंच इराण-पाकिस्तानात गेलेल्या निर्वासितांच्या मागांवर, फुलं-झाडं-पक्षी असायचे तिथे रणगाडे, हेलिकॉप्टर, कलाश्निकोव्ह, हातगोळे दिसायला लागले. मी त्या १९८० च्या दशकातल्या बलुच धाटणीचा एक छोटा नमुना करतोय, १२ बाय १५ इंच, इंचाला ८ गाठी आडव्या आणि ८ उभ्या. म्हणजे ९६ गाठींची एक ओळ, अशा १२० ओळी, एकूण ११,५२० गाठी. ऐकायला खूप वाटतं, पण त्याच घनतेचा २ बाय ३ फुटी गालिचा घेतला, आणि बरेच युद्ध-गालिचे साधारण त्याच मापाचे असतात, तर ५५ हजारांच्या वर गाठी होतात. प्रत्येक गाठ हाताने. हे आकडे आधी वाचून माहीत होते पण बोटांना कळायला मागावरच बसावं लागतं.

इंचाला ८ बाय ८ मुद्दाम घेतलंय. आडव्या गाठी ताण्याच्या (उभ्या) दोऱ्यांवर ठरतात, पण उभ्या इंचात किती ओळी बसतील हे बाणा (आडवा दोरा) किती जाड आणि पंजा (ओळ दाबून बसवायची जड फणी) किती जोरात ठोकता त्यावर असतं, आणि दोन्ही आकडे सारखे नसले की चौकोनी ग्राफवर काढलेलं चित्र एकतर चेपतं नाहीतर लांबतं. माझ्या किनारीत कलाश्निकोव्ह आहेत, खालच्या किनारीत आडव्या आणि बाजूंना उभ्या, त्यामुळे घनता सारखी ठेवली की एकच ग्राफ फिरवून वापरता येतो. आधी छोटी पट्टी विणून मोजून घ्या, मगच ग्राफ काढा. गाठ असममित, म्हणजे पर्शियन (ताण्याच्या दोन दोऱ्यांपैकी एकालाच पूर्ण वेढा देणारी), डावीकडे उघडणारी, बलुच गालिच्यात बहुतेक हीच सापडते. ओळ संपली की बाण्याचे दोन फेरे आणि मग पंजा.

आता हेलिकॉप्टर. हे एमआय-२४, सोव्हिएत लढाऊ हेलिकॉप्टर, म्हणजे पुढे एकामागे एक दोन फुगीर काचा आणि बाजूला रॉकेटं लावायचे आखूड पंख. बऱ्याच गालिच्यांत त्याचं शरीर बाजूने दिसतं पण वरची पाती मात्र आकाशातून बघितल्यासारखी पसरलेली असतात, फोटोत असं कधीच दिसणार नाही. मीही तसंच ठेवलं. विणताना कारण लक्षात आलं, बाजूने काढलं तर पातं म्हणजे नुसती एक आडवी रेघ उरते आणि वरची जागा मोकळी पडते, पसरून काढलं तर तो भाग एखाद्या फुलासारखा भरतो. आणि बलुच गालिच्यात मोकळी जागा सहसा सोडत नाहीत.

अजून एक. ह्या बायका आकाराला गडद रंगाची एका गाठीची रेघ मारतात आणि मग आत रंग भरतात, जुन्या फुलांना आणि पानांना जी पद्धत तीच इथे. पुढचं हेलिकॉप्टर उलट तोंडाचं, रंग बदलून, तेही जुनंच. म्हणून मला सगळ्यात जास्त ओढ ह्या सुरुवातीच्या गालिच्यांचीच आहे, लांबून बघितलं तर नेहमीचा बलुच गालिचा, जवळ गेलात की फुलांच्या रांगेत लढाऊ विमान. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्याला हे लगेच कळेल, ठिपके तेच राहतात, जोडायचं काय ते बदलतं.

नंतरचे गालिचे वेगळे आहेत. १५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटच्या सोव्हिएत तुकड्या अमू दर्या ह्या सरहद्दीवरच्या नदीचा पूल ओलांडून परत गेल्या, आणि नकाशावरून उत्तरेकडे निघालेल्या रणगाड्यांचे गालिचे त्याच काळातले. २००१ नंतर न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांचे आले, त्यातल्या कित्येकांत खाली अमेरिकेचा आणि अफगाणिस्तानचा झेंडा आणि मध्ये कबुतर आहे, ते चित्र अमेरिकन विमानांनी टाकलेल्या पत्रकांवरून घेतलेलं. हे परदेशी सैनिकांना वगैरे विकायलाच बनायचे. इंग्रजी अक्षरं उलटी किंवा चुकीची असतात कारण विणणारी अक्षराचा आकार बघून गाठी मारते. पुढे ड्रोनसुद्धा आले. काही संग्राहक ह्यांना बाजारू म्हणून बाजूला टाकतात, मला ते पटत नाही. गिऱ्हाईक बदललं तरी बोटं त्याच घरांतली आहेत आणि घर त्यावरच चालतं. निषेध की धंदा हा वादही मला अर्धवट वाटतो, दोन्ही एकाच गालिच्यात असू शकतात. बहुतेकांवर विणणारीचं नाव नाही, त्यामुळे तिच्या वतीने ठामपणे बोलायचा हक्क आपल्याला नाही. कॅनबेरात २००३ मध्ये आणि टोरोंटोत २००८ मध्ये युद्ध-गालिच्यांची मोठी प्रदर्शनं झाली, पुढे टोरोंटोचं फिलाडेल्फियाच्या पेन म्युझियममध्येही गेलं. त्यांचे फोटो मिळाले तर फुरसतीत बघा, वेगवेगळ्या काळातले शेजारी ठेवले की फरक चटकन दिसतो.

रंगाचं सांगायचं राहिलं. लाल रंग काष्ठौषधीच्या दुकानातल्या मंजिष्ठेचा, तुरटी लावून. अफगाण मंजिष्ठा वेगळ्या जातीची, तिच्यात अलिझरिन हे लाल रंगद्रव्य भरपूर, आपल्याकडच्या मंजिष्ठेत पर्प्युरिन हे दुसरं रंगद्रव्य जास्त, त्यामुळे माझा लाल थोडा केशरीकडे झुकतो. मला आवडलाय. काळ्यासाठी दख्खनी मेंढीची, घोंगडीची असते ती लोकर घेतली, रंगवायची गरजच नाही. जुन्या गालिच्यांत काळा-तपकिरी भाग लोहाच्या रंगामुळे झिजतो आणि शेजारचे रंग उठून वर येतात. माझ्या नैसर्गिक काळ्यात तो परिणाम येणार नाही हे माहीत आहे, पण लोहाने लोकर कमजोर होते आणि मला हा गालिचा टिकवायचाय.

पुढे आता फुलांची एक बारीक ओळ, मग रणगाडा. रणगाड्याचे पट्टे दोन रंगांच्या आळीपाळीने येणाऱ्या गाठींनी दाखवणार, तोफेची नळी तिरपी न ठेवता सरळ आडवी, कारण इतक्या कमी गाठींत तिरपी रेघ पायऱ्या-पायऱ्यांची दिसते. त्यावर उलट तोंडाचं दुसरं हेलिकॉप्टर आणि शेवटी वरची किनार. कडेला बलुच पद्धतीने बकरीच्या केसांचं सूत गुंडाळायचंय, कोणाकडे ओळखीचा धनगर किंवा घोंगडीवाला असेल जो असं सूत कातून देतो, तर प्लीज कळवा.