तुम्ही विचारलंत म्हणून: फॉलोअर वीस हजार, वेबसाइटवर शुकशुकाट

‘इन्स्टाग्रामवर वीस हजार फॉलोअर आहेत, रील बरी चालते, मग वेबसाइटवर ऑर्डर का येत नाही?’ कोल्हापुरात चप्पल लाइनपासून सराफांच्या गुजरीपर्यंत कुणीही हाच प्रश्न विचारतं. चपलेचंच उदाहरण घेऊ.

रीलखाली दहा जण ‘किंमत?’ विचारतात आणि दुकानदार दहाही जणांना ‘इनबॉक्स करा’ म्हणतो. पहिलं गिऱ्हाईक तुटतं ते इथं. शेजारच्या दुकानदाराला भाव कळेल ही भीती असते, पण त्याला तो आधीच ठाऊक असतो. किंमत रीलमध्येच लिहा. ज्याला परवडत नाही तो तिथंच थांबेल आणि वेबसाइटवर येईल तो घेण्याच्या विचारानं येईल.

आता लिंक. रीलखालच्या मजकुरात पत्ता लिहिला तर तो दाबता येत नाही, नुसता दिसतो. प्रोफाइलवर २०२३ पासून पाच लिंक देता येतात, पण दोनच ठेवा आणि वरची लिंक चालू रीलमधल्या चपलेची असू द्या. स्टोरीवर लिंकचं स्टिकर लावा. ते होमपेजवर नव्हे, त्याच चपलेच्या पानावर उघडलं पाहिजे. रीलमध्ये कापशी (कोल्हापुरीचा एक प्रकार) बघितलेल्या माणसाला चाळीस चपलांच्या गर्दीत सोडलं तर तो शोधत बसत नाही. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आपली चप्पल जगभर चर्चेत आली. असा दिवस पुन्हा उगवला तर वरची लिंक त्याच सकाळी बदलून चर्चेतल्या चपलेची करा.

सगळ्यात जास्त माल सांडतो तो पुढच्या पायरीवर, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. लिंक दाबली की पान इन्स्टाग्रामच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडतं. तिथं ‘गूगलनं लॉगिन करा’ चालत नाही, कारण गूगलच ते अडवतं. पैसे भरताना यूपीआयचं अॅप कधी उघडतं, कधी नाही. म्हणून खातं न काढता ऑर्डर देता आली पाहिजे, आणि ठळक अक्षरात व्हॉट्सअॅपचं बटण हवं, ज्यात ‘कापशी, ८ नंबर हवी’ असा मजकूर आधीच भरलेला असेल. ही तपासणी दुकानातल्या वायफायवर करू नका. दुसऱ्याच्या साध्या फोनवर, मोबाइल डेटावर, रीलपासून पैसे भरेपर्यंत करा. फोनमधून काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवला असेल तर पान रखडतं. रुंदी १२०० पिक्सेल आणि वजन २०० केबीच्या आत आणा. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असा गूगलचा निकष आहे.

चपलेच्या पानावर खरी अडचण मापाची. ‘साइज चार्ट बघा’ एवढं पुरत नाही. संध्याकाळी, भिंतीला टाच टेकवून, कागदावर उभं राहून दोन्ही पाय आखायला सांगा. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये, मोठा पाय धरून. शेजारी तुमच्या प्रत्येक नंबरचं आतलं माप द्या. कातडं वापरून सैल होतं, हेही स्पष्ट लिहा, नाहीतर माणूस घट्ट वाटली म्हणून एक नंबर मोठी मागवतो आणि महिन्याभरानं ढिली झाली म्हणून तक्रार करतो. पोहोचवण्याचा खर्च शेवटच्या पानावर उघड केला तर लोक भरलेली टोपली (कार्ट) तशीच सोडून जातात. तो किमतीखालीच दाखवा. घरपोच पैसे देणाऱ्यांची पार्सलं परत येत असतील तर पाठवण्याआधी व्हॉट्सअॅपवर माप आणि पत्ता पक्का करून घ्या.

हे सगळं मोजायचं तर प्रत्येक लिंकला यूटीएमची खूण, म्हणजे माणूस कुठून आला हे सांगणारी लिंकच्या शेवटची अक्षरं, जोडा: प्रोफाइलची वेगळी, स्टोरीची वेगळी. खूण नसेल तर बरेच येणारे ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे वेबसाइटच्या आकडेवारीत, ‘डायरेक्ट’ (थेट आलेले) या खात्यात जाऊन पडतात. खुणेचं नाव कायम लहान इंग्रजी अक्षरांत लिहा, मोठं अक्षर पडलं की आकडेवारीत वेगळी ओळ तयार होते. मग आठवड्याला चार आकडे बघा: लिंक किती जणांनी दाबली, पानावर किती पोहोचले, टोपलीत किती गेलं, पैसे किती आले. दाबणारे शंभर आणि पोहोचणारे पन्नासच असले तर पान जड आहे. पोहोचले पण टोपली रिकामी, तर माप, फोटो किंवा किंमत. टोपली भरली पण पैसे नाहीत, तर पैसे भरण्याचं पान त्या साध्या फोनवर पुन्हा उघडून बघा.

आणि तरीही ‘किंमत?’ विचारणारे राहतीलच. त्या कॉमेंटला खाजगी उत्तर सात दिवसांच्या आत आणि एकदाच पाठवता येतं, तेव्हा त्या एकाच निरोपात भाव, शिल्लक नंबर आणि त्या चपलेची लिंक तिन्ही घाला. ‘नमस्कार, काय हवंय?’ यात तो वाया घालवू नका.